छोट्या विमानाला केवढं इंजिन?

दोस्तांनो, रेडिओ कंट्रोलवर उडणारं मॉडेल विमान बनवायचं ठरलं, की पहिला वाद होतो तो इंजिनावरून. रंग कोणता द्यायचा यावर फारसं कुणी भांडत नाही, पण इंजिन मात्र प्रत्येकाला मोठ्ठं हवं असतं! थांबा जरा. पैसे मोजण्याआधी थोडं गणित करूया.

समजा, तुमचं विमान बाल्सा लाकडाचं आहे. पंख टोकापासून टोकापर्यंत दीड मीटर, वजन अडीच किलोच्या आसपास. हवेत मजेत कोलांट्या घेणारं, म्हणजे ‘स्पोर्ट’ जातीचं. त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, ‘इंजिन ४० ते ४६’. हे ४० म्हणजे काय बरं? ०.४० घन इंच, म्हणजेच साधारण साडेसहा सी.सी. आई-बाबांना विचारा, त्यांना लुना नक्की आठवत असेल. तिचं इंजिन ५० सी.सी.चं. हे तिच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं, पण मिनिटाला अकरा हजार फेरे सहज घेतं!

त्यावर पंखा लागतो १० बाय ६चा. १० इंच लांबी, आणि ६ इंच म्हणजे स्क्रूसारखा फिरत एका फेऱ्यात तो जेवढा पुढे जाईल ते अंतर. आता गुणाकार करा. ११,००० गुणिले ६ इंच, म्हणजे मिनिटाला १,६७६ मीटर. तासाला झाले सुमारे १०० किलोमीटर! प्रत्यक्षात हवेच्या विरोधामुळे विमान याहून कमीच वेगाने जातं, पण तेवढं पुष्कळ झालं.

मग ६० नंबरचं, १० सी.सी.चं इंजिन का नको? ४६चं इंजिन सायलेन्सरसकट अर्धा किलो भरतं. ६०चं त्याहून दोनेकशे ग्रॅम जड, आणि हे वजन येतं अगदी नाकावर. विमान पुढे झुकतं. तोल साधायला शेपटीत शिसं भरा, की वजन आणखी वाढलं. जड विमानाला हवेत राहायला जास्त वेग लागतो, म्हणजे ते उतरतंही जास्त वेगाने. सुट्टीभर खपून बनवलेलं विमान सहसा मोडतं ते उतरतानाच!

आणि उतरतानाच इंजिनाची खरी परीक्षा असते. तुम्ही थ्रॉटल पूर्ण खाली आणता. तेव्हा इंजिनाने मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर गुरगुरत राहायला हवं, आणि विमान कमी पडतंय असं दिसताच थ्रॉटल वाढवल्यावर लगेच उसळायला हवं. ते बंद पडलं तर पुन्हा एक चक्कर मारून येण्याची सोय नाही. समोर झाड असो की विहीर! म्हणून दुकानात ‘किती जोरात पळतं?’ एवढंच विचारू नका. ‘न बंद पडता किती हळू चालतं?’ हे आधी विचारा. जमलं तर सुरू करून दाखवायला सांगा.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये एकाआड एक फेऱ्याला. म्हणून ४०च्या जागी फोर-स्ट्रोक ५०च्या पुढचं लागतं. आवाज छान घुमतो, पण ते महाग, आणि व्हॉल्व्हची निगा ठेवावी लागते. पहिलंच इंजिन असेल तर मी म्हणेन, बॉल बेअरिंगचं टू-स्ट्रोक ४६ घ्या. पैसे कमी असतील तर साध्या बुशचंही चालेल.

मैदानाशेजारी घरं असतील तर मात्र विजेची मोटार बरी. तिला किलोमागे सुमारे २२० वॅट धरा. आपल्या विमानाला साडेपाचशे वॅट झाले. लिथियम बॅटरी चार्ज करताना तिला एकटं सोडू नका हं, ती पेट घेऊ शकते.

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी. या इंजिनाचं इंधन पेट्रोल नव्हे, मिथेनॉल. त्यात तेल आणि थोडं नायट्रोमिथेन मिसळलेलं असतं. मिथेनॉल विषारी आहे, पोटात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. शिवाय त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसतच नाही. कॅन कुलुपात ठेवा. पंखा सेकंदाला १८० फेरे घेत असतो, तेव्हा इंजिन सुरू झालं की सगळ्यांनी त्याच्या मागे उभं राहायचं, समोर किंवा बाजूला नाही.

आणखी एक. मिथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि त्याने बेअरिंग गंजतात. आपल्या कोकणात, मुंबईत तर फारच लवकर! म्हणून उडवून झाल्यावर टाकी रिकामी करा, उरलेलं इंधन इंजिनातच जळून जाऊ द्या, मग कार्ब्युरेटरमध्ये तेलाचे चार-पाच थेंब सोडून पंखा हाताने दहा-बारा वेळा फिरवा. ग्लो प्लगची बॅटरी तेवढी आधी काढा.