बाह्य मायक्रोफोन (चित्रीकरण)

बाह्य मायक्रोफोन म्हणजे कॅमेऱ्यात किंवा मोबाइलमध्ये असलेल्या मायक्रोफोनऐवजी स्वतंत्रपणे जोडून वापरला जाणारा मायक्रोफोन. कॅमेरा दूर ठेवूनही आवाज जवळून टिपता येणे हा त्याचा मुख्य लाभ होय. त्यामुळे त्याची निवड किमतीपेक्षा बोलणाऱ्यापासूनचे अंतर, जागेतील गोंगाट आणि उपकरणाची जोडणी यांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

आर्देशिर इराणी यांच्या 'आलम आरा' (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाचे ध्वनिमुद्रण चित्रीकरणाबरोबरच झाले. मुंबईतील स्टुडिओजवळून लोहमार्ग जात असल्याने बरेचसे काम रात्री, रेल्वेगाड्या थांबल्यावर करावे लागे. मायक्रोफोन कलावंतांच्या जवळ, पण कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे लपवले जात. पुढील काळात संवाद नंतर स्टुडिओत मुद्रित करण्याची पद्धत हिंदी चित्रपटांत रूढ झाली. व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये परळ येथे स्थापन केलेले राजकमल कलामंदिर ध्वनिमिश्रणासाठी प्रसिद्ध होते. ध्वनिमिश्रक मंगेश देसाई यांनी तेथे दीर्घकाळ काम केले.

१९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेतील जेम्स वेस्ट व गेरहार्ड सेसलर यांनी इलेक्ट्रेट मायक्रोफोन विकसित केला. त्यामुळे लहान व स्वस्त मायक्रोफोन बनवणे शक्य झाले.

अंतराचे महत्त्व

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणाऱ्या आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. साधे बोलणे १ मीटरवर सुमारे ६० डेसिबल असते, असे धरल्यास ते २ मीटरवर सुमारे ५४, तर २० सेंटिमीटरवर सुमारे ७४ डेसिबल भरते. सभोवतालचा गोंगाट मात्र दोन्ही ठिकाणी जवळपास तेवढाच राहतो. म्हणून २ मीटरवरील महागड्या मायक्रोफोनपेक्षा छातीवर लावलेला साधा मायक्रोफोन अनेकदा अधिक स्पष्ट आवाज देतो.

प्रमुख प्रकार

• कॉलर माइक: हनुवटीखाली १५ ते २० सेंटिमीटरवर कपड्याला लावतात. मुलाखतीसाठी सोयीचा, मात्र कपडे, साखळी किंवा मंगळसूत्र यांचे घर्षण टाळावे लागते.
• शॉटगन माइक: लांबट नळीचा, समोरचा आवाज अधिक व बाजूचा कमी टिपतो. तो दुर्बिणीप्रमाणे दूरचा आवाज जवळ आणत नाही, म्हणून काठीला लावून चौकटीबाहेर, पण बोलणाऱ्याच्या जवळ धरतात.
• हातातील डायनॅमिक माइक: तोंडाजवळ धरावा लागतो. गर्दीतील वार्तांकनासाठी उपयुक्त आणि मोठा आवाज सहन करणारा.
• वायरलेस संच: बोलणारा हिंडत असल्यास सोयीचा. २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या संचांना गर्दीच्या ठिकाणी वाय-फायमुळे अडथळा येऊ शकतो. प्रेषकातच ध्वनिमुद्रण होत असल्यास संकेत तुटला तरी आवाज हाती राहतो.

दाट वस्तीतील वापर : परळ

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार दिवसा निवासी क्षेत्रात ५५, व्यापारी क्षेत्रात ६५ आणि शांतता क्षेत्रात ५० डेसिबल ही मर्यादा आहे. परळमध्ये केईएम (१९२६) व टाटा स्मारक (१९४१) ही रुग्णालये, रेल्वेमार्ग आणि वर्दळीचे रस्ते एकमेकांना लागून आहेत. रस्त्यावरचा गोंगाट ६५ डेसिबल असेल, तर २ मीटरवरील कॅमेऱ्याला साध्या बोलण्यापेक्षा तोच अधिक ऐकू येतो. अशा ठिकाणी कॉलर किंवा हातातील माइक निवडणे श्रेयस्कर ठरते.

चाळीतील खोलीत वेगळी अडचण असते. उघड्या भिंती व फरशी यांवरून आवाज परावर्तित होतो आणि त्या प्रतिध्वनीमुळे शॉटगनचा लाभ कमी होतो. येथेही कॉलर माइक सोयीचा. पंखा बंद करणे, रस्त्याकडील खिडकी लावणे आणि चौकटीबाहेर गोधड्या किंवा जाड पडदे टांगणे यांचा उपयोग होतो. गणेशोत्सवातील ढोल-ताशांसाठी मात्र मोठा आवाज सहन करणारा मायक्रोफोन लागतो. मायक्रोफोनच्या क्षमतेबाहेर फाटलेला आवाज नंतर पातळी कमी करूनही पूर्ववत होत नाही.

या निवडीचे महत्त्व मौखिक इतिहासात विशेष जाणवते. मीना मेनन व नीरा आडारकर यांचे 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' (२००४) हे पुस्तक गिरणगावातील रहिवाशांच्या कथनांवर उभे आहे. चित्रपटातील संवाद पुन्हा मुद्रित करता येतो. १९८२ च्या संपाविषयी एखाद्या वृद्ध गिरणी कामगाराने दिलेली साक्ष पुन्हा तशीच मिळत नाही.

जोडणी

३.५ मिलिमीटरच्या पिनेवर दोन काळी कडी असल्यास ती सहसा कॅमेऱ्यासाठी, तीन असल्यास मोबाइलसाठी असते. चुकीची पिन जोडल्यास आवाज येत नाही किंवा उपकरण अंगचाच मायक्रोफोन वापरते. अनेक नव्या मोबाइलना यूएसबी-सी जोडणी लागते. एक्सएलआर तारेतून लांब अंतरावरही विद्युत खरखर कमी येते. तिच्यावरील कंडेन्सर मायक्रोफोनला बहुधा ४८ व्होल्टचा फँटम वीजपुरवठा द्यावा लागतो.

ध्वनिपातळी व चाचणी

स्वयंचलित पातळी-नियंत्रण बोलण्यातील विरामात गोंगाट वाढवते. म्हणून शक्य तेथे ते बंद ठेवून सर्वोच्च पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवतात. उघड्यावर वाऱ्यासाठी फोम किंवा केसाळ आवरण वापरतात. वेगळ्या यंत्रावर ध्वनिमुद्रण करताना आरंभी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवल्यास चित्र व ध्वनी जुळवणे सोपे जाते. प्रत्यक्ष जागेवर अर्धा मिनिट मुद्रण करून ते हेडफोनवर ऐकणे ही सर्वांत विश्वासार्ह चाचणी होय.