ब्लॉकचेन प्रशिक्षण

ब्लॉकचेन प्रशिक्षण म्हणजे ब्लॉकचेन या सामायिक नोंदवहीच्या तंत्रावर चालणाऱ्या आज्ञावली लिहिणे, तपासणे आणि सुरक्षितपणे चालविणे यांचे शिक्षण होय. हे शिक्षण दूरस्थ पद्धतीने तसेच समक्ष वर्गातून दिले जाते. या विषयाचे मूळ साहित्य प्रामुख्याने इंग्रजीत असल्यामुळे इतर भाषिक समाजांत, विशेषतः ग्रामीण व साधनवंचित भागांत, शिक्षकाच्या उपस्थितीत स्वभाषेतून चालणाऱ्या वर्गांना महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात अशा वर्गांचे स्वरूप व गरज, तसेच महाराष्ट्र, गोवा आणि पोर्तुगीज भाषिक देश यांतील संबंधित अनुभव यांची माहिती दिली आहे.

तंत्राची ओळख

ब्लॉकचेनची कल्पना महसुली दप्तरातील फेरफार नोंदवहीच्या उदाहरणाने समजून घेता येते. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठी गाव नमुना ६ मध्ये अनुक्रमांक घालून नोंद करतो, संबंधितांना नोटीस दिली जाते, हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबारा उताऱ्यात बदल होतो. जुनी नोंद खोडली जात नाही. ती चुकीची ठरल्यास दुरुस्तीसाठी नवी नोंद घालावी लागते.

ब्लॉकचेनमध्येही नोंदी क्रमाने वाढत जातात. मात्र दोन बाबतींत ती निराळी आहे. एक म्हणजे, वहीची प्रत एकाच कार्यालयात न राहता अनेक संगणकांवर एकाच वेळी असते. दुसरे म्हणजे, नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यात (ब्लॉकमध्ये) आधीच्या गठ्ठ्याचा 'हॅश' नोंदविलेला असतो. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला, बोटाच्या ठशासारखा ओळखअंक होय. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी हॅश पूर्णपणे बदलतो. त्यामुळे मागील पानावर गुपचूप केलेला बदल पुढच्या सर्व पानांवर उघड होतो.

दस्तऐवजांवर अशा रीतीने कालमुद्रा उमटविण्याची पद्धत स्टुअर्ट हाबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये मांडली. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या निबंधातून बिटकॉइन पुढे आले आणि जानेवारी २००९ मध्ये त्याची साखळी सुरू झाली. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमने नोंदींबरोबर आज्ञावलीही साखळीवर ठेवण्याची सोय दिली. या आज्ञावलींना 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' म्हणजे स्वयंचलित करार म्हणतात. ब्लॉकचेन प्रशिक्षणाचा मुख्य भाग हे करार लिहिण्याशी संबंधित असतो.

प्रशिक्षणाचे विषय

अभ्यासक्रमात सामान्यतः पुढील विषय येतात:

१. हॅश आणि अंकीय स्वाक्षरी यांचे प्राथमिक गणित.
२. खासगी व सार्वजनिक किल्ली. खासगी किल्ली हरवल्यास ती परत देणारे कोणतेही कार्यालय नसते, हा या भागातील पहिला धडा असतो.
३. एकमत साधण्याच्या पद्धती, म्हणजे अनेक संगणकांनी एकाच नोंदीवर कसे शिक्कामोर्तब करावे याचे नियम.
४. सॉलिडिटी, रस्ट, हॅस्केल यांसारख्या भाषांतून करार लिहिणे.
५. चाचणी साखळीवर सराव. येथे वापरले जाणारे चलन निर्मूल्य असल्याने चुकीचा आर्थिक भुर्दंड पडत नाही.
६. सुरक्षा तपासणी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञावलीतील दोष शोधणे.
७. ब्लॉकचेन कोठे वापरू नये याचा विवेक. एकाच विश्वासू संस्थेची साधी माहितीसूची जे काम करू शकते, तेथे या तंत्राची गरज नसते.

समक्ष वर्गाची आवश्यकता

साध्या संगणकीय आज्ञावलीत दोष आढळल्यास ती सुधारून पुन्हा बसविता येते. साखळीवर ठेवलेला स्वयंचलित करार मात्र सहसा बदलता येत नाही आणि त्यात ठेवलेला पैसाही त्याच कराराच्या ताब्यात असतो. त्यामुळे नवशिक्याच्या लहानशा चुकीचा परिणाम मोठा होऊ शकतो.

जून २०१६ मध्ये इथेरियमवरील 'द डाओ' या सामायिक निधीतून सुमारे ३६ लाख इथर काढून घेतले गेले. करारात रक्कम आधी देऊन खात्यातील शिल्लक नंतर कमी करण्याचा क्रम होता. शिल्लक कमी होण्यापूर्वीच पुन्हा पुन्हा मागणी करून हल्लेखोराने निधी रिकामा करत नेला. बँकेच्या रोखपालाने पासबुकात नोंद करण्याआधी त्याच शिलकेवर वारंवार पैसे द्यावेत, तसाच हा प्रकार होता. ही घटना पुसून टाकण्यासाठी जुलै २०१६ मध्ये इथेरियमची साखळीच दुभंगली. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी या पाकिटाच्या सामायिक आज्ञावलीवर एका वापरकर्त्याला मालकी मिळाली आणि त्याने ती नष्ट केली. त्यामुळे ५ लाखांहून अधिक इथर कायमचे अडकून पडले.

दोन्ही प्रकरणांत आज्ञावली लिहिल्याप्रमाणेच चालली; लिहिणाऱ्याचा हेतू आणि लिहिलेला मजकूर यांत अंतर होते. असे अंतर दाखवून देण्यास चित्रफितीपेक्षा शेजारी बसलेला शिक्षक अधिक उपयोगी पडतो. विद्यार्थी ज्या क्षणी चुकतो त्याच क्षणी त्याला थांबविता येते, तसेच एकाची आज्ञावली दुसऱ्याकडून तपासून घेता येते. ज्या घरांत संगणक नाही किंवा जोडणी वारंवार तुटते, तेथील विद्यार्थ्याला वर्गामुळे यंत्र व वीज या दोन्ही गोष्टी मिळतात.

या प्रकारच्या वर्गाचे एक परिचित उदाहरण आफ्रिकेतील आहे. कार्डानो ही साखळी विकसित करणाऱ्या इनपुट आउटपुट या कंपनीने हॅस्केल भाषेचे समक्ष वर्ग २०१७ मध्ये अथेन्स, २०१८ मध्ये बार्बाडोस आणि २०१९ मध्ये अदिस अबाबा येथे घेतले. अदिस अबाबाचा वर्ग इथिओपिया व युगांडा येथील महिलांसाठी होता.

पोर्तुगीज भाषिक समाज

पोर्तुगीज ही ९ देशांची अधिकृत भाषा आहे: पोर्तुगाल, ब्राझील, अंगोला, मोझांबिक, केप व्हर्द, गिनी-बिसाऊ, साओ टोमे व प्रिन्सिप, विषुववृत्तीय गिनी आणि पूर्व तिमोर. या देशांचा भाषिक संघ १७ जुलै १९९६ रोजी स्थापन झाला.

या समाजांतील स्थिती एकसारखी नाही. ब्राझीलमध्ये संगणकशास्त्राची परंपरा बळकट आहे. रिओ दी जानेरो येथील कॅथॉलिक विद्यापीठात १९९३ मध्ये तयार झालेली लुआ ही संगणकभाषा जगभर वापरली जाते. लुआ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ चंद्र असा आहे. तथापि या भाषेतील आज्ञाशब्द इंग्रजीच आहेत. ब्राझीलची राष्ट्रीय विकास बँक आणि लेखापरीक्षण न्यायाधिकरण यांनी २०२२ मध्ये सार्वजनिक हिताच्या कामांसाठी 'रेदे ब्लॉकचेन ब्राझील' या सामायिक जाळ्याचा करार केला.

याउलट मोझांबिकमध्ये बहुसंख्य लोकांची मातृभाषा पोर्तुगीज नसून माखुवासारखी बांतू भाषा आहे, तर पूर्व तिमोरमध्ये पोर्तुगीजबरोबर तेतुम ही अधिकृत भाषा आहे. तेथील विद्यार्थ्याला घरची भाषा, शाळेची पोर्तुगीज आणि संगणकाची इंग्रजी असे तीन उंबरठे ओलांडावे लागतात. केवळ पोर्तुगीज भाषांतर करून हा प्रश्न सुटत नाही. घरच्या भाषेत शंका विचारता येईल असा स्थानिक शिक्षक तयार करावा लागतो.

महाराष्ट्रातही पोर्तुगीजशी नाते सांगणारा एक छोटा भाषिक समाज आहे. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळील कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संपर्कातून घडलेली एक मिश्रभाषा बोलली जाते. पोर्तुगीजांनी हा भाग १७४० मध्ये सोडल्यानंतरही ती टिकून राहिली. तिचे व्यवहार मुख्यतः मौखिक असून गावातील मुलांचे पुढील शिक्षण अन्य भाषांतून होते.

गोवा आणि जुन्या नोंदींचा प्रश्न

नवे तंत्र आले तरी त्याची अक्षरे स्थानिक असतीलच असे नाही, याचा अनुभव गोव्याला जुना आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात सुरू झाला. परंतु फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठीतील 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन लिपीत.

गोव्यातील १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचे अनेक जमीनविषयक दस्तऐवज पोर्तुगीज भाषेत आहेत आणि ती भाषा वाचू शकणारे लोक आता थोडे उरले आहेत. बनावट जुन्या दस्तऐवजांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या तक्रारी वाढल्याने गोवा शासनाने २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमले आणि त्यानंतर निवृत्त न्यायाधीशांचा चौकशी आयोगही नेमला.

अशा प्रकरणांत ब्लॉकचेनचा उपयोग सुचविला जातो. मात्र ब्लॉकचेन नोंदीचे जतन करते, तिच्या खरेपणाची हमी देत नाही. खोटा दस्तऐवज साखळीवर चढविला तर तो खोटाच पण न पुसता येणारा होतो. म्हणून आधी जुना कागद वाचणारा आणि पारखणारा भाषाजाणकार लागतो, नंतर आज्ञावलीकार. या क्षेत्रातील प्रशिक्षणात दोघांना एकत्र बसविण्याची गरज असते.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात या तंत्राचा सर्वांत मोठा प्रमाणावरील वापर बहुतेकांच्या हातातील दूरध्वनीवर होतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यापारी लघुसंदेश पाठविणाऱ्या संस्थांना आपले नाव व संदेशाचे नमुने वितरित नोंदवहीवर नोंदवावे लागतात. ८ मार्च २०२१ रोजी नमुन्यांची काटेकोर पडताळणी सुरू होताच बँकांचे एकवेळ संकेतांक पोहोचेनासे झाले आणि पडताळणी काही दिवस थांबवावी लागली. वापरणाऱ्या संस्थांतील कर्मचारी पुरेसे प्रशिक्षित नसतील तर उत्तम तंत्रही अडते, हे या घटनेतून दिसून आले.

महाराष्ट्रात राज्य कौशल्य विकास मंडळाने २०२१ मध्ये आपली प्रमाणपत्रे इथेरियमवर पडताळता येतील अशी व्यवस्था स्वीकारली. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांसाठी पॉलिगॉन या साखळीचा वापर करण्याची योजना हाती घेण्यात आली. पॉलिगॉनची सुरुवात २०१७ मध्ये भारतातच 'मॅटिक' या नावाने झाली होती. एटापल्ली हा आदिवासीबहुल व दुर्गम भाग असून तेथे एका दाखल्याच्या पडताळणीवर विद्यार्थ्याचा प्रवेश किंवा शिष्यवृत्ती अवलंबून असते. पडताळणी जलद होणे हा तेथे थेट लाभ आहे. परंतु त्या तालुक्यातील विद्यार्थ्याच्या हाती केवळ दाखला न येता तो तपासणारी आज्ञावली वाचण्याचे ज्ञानही यावे, हा प्रशिक्षणाचा उद्देश ठरतो. राज्यसीमेवरील भागांतही हा प्रश्न आहे. बांदा परिसरातील विद्यार्थी पत्रादेवीची हद्द ओलांडून शिक्षण वा नोकरीसाठी गोव्यात जातो, तेव्हा एका राज्याचे गुणपत्रक दुसऱ्या राज्यातील संस्थेला पडताळावे लागते.

केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये ब्लॉकचेनविषयक राष्ट्रीय धोरण आणि सप्टेंबर २०२४ मध्ये 'राष्ट्रीय ब्लॉकचेन चौकट' जाहीर केली. तिच्या 'विश्वस्य' या प्रणालीची यंत्रणा भुवनेश्वर, पुणे व हैदराबाद येथे आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या (सीडॅक) पदव्युत्तर अभ्यासक्रमांत वित्त-तंत्रज्ञान व ब्लॉकचेन या विषयाचा समावेश आहे. हे शिक्षण मात्र इंग्रजीत आणि पदवीधरांसाठी आहे.

मराठीतून संगणकशिक्षण देण्याचे दोन अनुभव येथे मार्गदर्शक ठरतात. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्याच्या व मोठ्या गावांतील केंद्रांमधून मराठीतही शिकविला जातो. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात संगणकभाषांचे छोटे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांतून तयार करण्यात आले आहेत. पहिल्या उपक्रमाने गावापर्यंत वर्ग नेला, दुसऱ्याने आज्ञावलीचा विषय मातृभाषेत आणला. ब्लॉकचेन प्रशिक्षणासाठी या दोहोंचा मेळ आवश्यक आहे.

मर्यादा व टीका

ब्लॉकचेन आणि आभासी चलन या भिन्न गोष्टी असल्या तरी जनमानसात त्या एकच समजल्या जातात. 'गेनबिटकॉइन' योजनेत अनेक गुंतवणूकदारांची फसवणूक झाल्याच्या तक्रारींवरून पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये कारवाई केली. शिबिराच्या नावाखाली चलन विकण्याचा प्रकार घडू शकत असल्याने, प्रशिक्षणार्थीला गुंतवणूक करावयास न लावणे हे प्रामाणिक वर्गाचे पहिले लक्षण मानले जाते. भारतात आभासी मालमत्तेच्या उत्पन्नावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे.

काही वर्ग एखाद्या साखळीच्या कंपनीने चालविलेले असतात आणि त्यांत त्याच साखळीची भाषा शिकविली जाते. ती साखळी मागे पडल्यास विद्यार्थ्याचे कौशल्य निरुपयोगी होण्याचा धोका असतो. त्यामुळे गणित, सामान्य संगणकभाषा आणि सुरक्षा तपासणी यांचा पाया आधी घालावा, असे या टीकेतून सुचविले जाते. अल्पमुदतीच्या शिबिरानंतर सराव, मार्गदर्शन व स्थानिक काम मिळाले नाही तर शिकलेले तरुण शहरांकडे वळतात किंवा विषय सोडून देतात. याच कारणाने वर्गातून किती विद्यार्थी बाहेर पडले यापेक्षा त्यांतून किती स्थानिक शिक्षक तयार झाले, हा अशा प्रशिक्षणाच्या यशाचा अधिक योग्य निकष ठरतो.

हेही पहा

ब्लॉकचेन
इथेरियम
प्रगत संगणन विकास केंद्र
कोर्लई
क्रिस्तपुराण