उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेतली पोरं कथा लिहायला आयोवाला का जातात?

जून महिना आला की अमेरिकेतल्या आयोवा सिटीत हायस्कूलची पोरं-पोरी बॅगा घेऊन उतरतात. इथे ना समुद्र, ना डोंगर. गावाबाहेर पडलं की मक्याची शेतं सुरू. दोन आठवडे ही मुलं युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलमध्ये राहतात आणि काय करतात, तर कथा-कविता लिहितात. तेही स्वतःच्या लिखाणाचा नमुना पाठवून, निवड होऊन आलेली असतात.

या शिबिराचं नाव आयोवा यंग रायटर्स स्टुडिओ.

आता हे आयोवातच का? तर १९३६ साली इथे आयोवा रायटर्स वर्कशॉप सुरू झालं. सर्जनशील लेखनात पदवी देणारा अमेरिकेतला हा पहिला अभ्यासक्रम मानला जातो. २००८ मध्ये युनेस्कोने या गावाला 'साहित्याचं शहर' म्हणून मान्यता दिली. मराठीशीही गावाचं नातं आहे. याच युनिव्हर्सिटीत जगभरातल्या लेखकांसाठी एक वेगळा उपक्रम चालतो, त्यात कवी दिलीप चित्रे १९७५ ते ७७ या काळात होते.

पण मूळ प्रश्न असा की लिहायला तर शाळेतही शिकवतात. मग सुट्टी घालवून इतक्या लांब कशाला यायचं?

अमेरिकन शाळेत मुलांना पाच परिच्छेदांचा निबंध घोटून घेतात. सुरुवात, तीन मुद्दे, समारोप. आपल्याकडे 'सूर्य उगवला नाही तर' जसा गाईडमधून पाठ होतो, त्याचाच हा भाऊ. मार्क मिळतात, पण चाळीस मुलांचे निबंध एकाच माणसाने लिहिलेत असं वाटतं. अशा शिबिरांत नेमकं हेच मोडायचं असतं.

कसं? एक सोपी पद्धत म्हणजे मुक्तलेखन. पीटर एल्बो या प्राध्यापकांनी १९७३ च्या पुस्तकात ती लोकप्रिय केली. दहा मिनिटं पेन थांबवायचं नाही, खोडायचं नाही, व्याकरण बघायचं नाही. काही सुचलं नाही तर 'काही सुचत नाही' हेच लिहीत राहायचं. बहुतेकांची पहिली काही मिनिटं कचरा निघतो. त्यानंतर कधीकधी असं वाक्य येतं, जे त्या मुलालाही माहीत नव्हतं.

दुसरा व्यायाम केंटकीच्या कवयित्री जॉर्ज एला लायन यांच्या 'मी कुठली' अशा अर्थाच्या कवितेवरून आलाय. अमेरिकेतल्या असंख्य वर्गांत तो करून घेतात. घरातल्या वस्तू, वास, जेवण, मोठ्यांची ठरलेली वाक्यं यांची यादी करायची आणि त्यातून कविता उभी करायची.

समजा, पंधरा वर्षांच्या मुलीने लिहिलं, 'माझी आजी खूप प्रेमळ होती.' शिकवणारा विचारतो, तुला हे कशावरून कळलं? मुलगी थांबते, विचार करते आणि लिहिते, 'आजी फोनवर तीनदा बाय म्हणायची, पण फोन ठेवायची नाही.' पहिलं वाक्य कुणाचंही असू शकतं, दुसरं फक्त तिचं आहे. 'आवाज सापडला' म्हणतात तो हा. त्यात गूढ काही नाही.

आणि हा आवाज घशातला नसतो. १९४५-४६ च्या सुमारास जॉर्जियाहून एक तरुणी आयोवात आली. तिचे दक्षिणेकडचे उच्चार वर्कशॉपचे प्रमुख पॉल एंगल यांना कळेचनात. शेवटी त्यांनी तिला कागद दिला, काय म्हणायचंय ते लिही म्हणाले. तिने आपलं नाव आणि वर्कशॉपला यायचंय एवढं लिहिलं. ती होती फ्लॅनरी ओ'कॉनर. पुढे तिच्या कथांमध्ये दक्षिणेतली तीच बोली ऐकू येते.

आता वादाचा भाग. वर्कशॉपची जुनी पद्धत अशी की तुमची कथा सगळ्यांनी आधी वाचून यायची, मग वर्गात त्यावर चर्चा होणार आणि ती चालू असताना लेखकाने गप्प बसायचं. कारण पुस्तक छापल्यावर तुम्ही प्रत्येक वाचकाच्या शेजारी बसून खुलासा करू शकत नाही. तर्क बरोबर आहे. पण ज्या मुलाच्या घरची भाषा, जेवण, रीती वर्गात कुणालाच माहीत नाहीत त्याचं काय? बाकीचे 'हे कळलं नाही, काढून टाक' म्हणत राहतात आणि तो ऐकत राहतो. आयोवातच शिकलेल्या फेलिशिया रोझ चावेझ यांनी २०२१ च्या पुस्तकात यावर सडकून टीका केली. त्यांचं म्हणणं, चर्चा लेखकानेच चालवावी, प्रश्नही त्यानेच विचारावेत. सोळा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तरी त्यांचं म्हणणं जास्त पटतं. आवाज शोधायला आलेल्या मुलाला आधी गप्प बसवायचं, हा उलटाच कारभार झाला.

आणखी एक नाजूक गोष्ट. मुलं मोकळेपणाने लिहायला लागली की घरातली मारहाण, स्वतःला इजा करणं असंही कागदावर येतं. अमेरिकेत मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला तर शिक्षकांना कायद्याने तो कळवावाच लागतो. त्यामुळे 'हे आपल्यातच राहील' असं वचन कुठल्याच चांगल्या शिक्षकाने देऊ नये. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगणं योग्य.

राहिला पैशांचा प्रश्न. निवासी शिबिरांची फी हजारो डॉलर असते. काहींना आर्थिक मदत मिळते, पण पालकांना अशा शिबिराची माहितीच नसेल तर अर्ज करणार कोण? उलट काही सुखवस्तू घरांतली मुलं कॉलेजच्या अर्जावर एक ओळ वाढवायलाही येतात.

म्हणून फुकट चालणाऱ्या संस्था महत्त्वाच्या. लॉस एंजेलिसच्या राइटगर्लमध्ये लेखिका शाळकरी मुलींना मार्गदर्शन करतात. २०२१ मध्ये बायडेन यांच्या शपथविधीत कविता वाचणारी २२ वर्षांची अमांडा गोरमन तिथलीच.

सॅन फ्रान्सिस्कोचा किस्सा तर भारीच. २००२ मध्ये लेखक डेव्ह एगर्स आणि शिक्षिका निनिव्हे कॅलेगारी यांनी ८२६ व्हॅलेन्सिया स्ट्रीटवर मुलांसाठी मोफत लेखन केंद्र काढलं. अडचण एकच, ती जागा दुकानासाठी राखीव होती, काहीतरी विकणं भाग होतं. मग त्यांनी पुढच्या बाजूला समुद्री चाच्यांना लागणाऱ्या सामानाचं दुकान थाटलं. आजही डोळ्यावरच्या काळ्या पट्ट्यांच्या मागे मुलं बसून लिहितात.