फाइल कुठवर आलीय?

सकाळी ७.३०

उन्हाळ्यात न्यू जर्सी भारताच्या साडेनऊ तास मागे असते. मी चहा गाळते तेव्हा सांगलीत संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. घरातले पुरुष फिरायला गेलेले, टीव्ही अजून लागायचा असतो. मुलींच्या आयांचे फोन याच वेळी येतात. (गावं आणि तपशील मी इकडचे तिकडे केले आहेत. माझ्या कामात ते करावंच लागतं.)

आजच्या काकूंची मुलगी दीड वर्षापूर्वी लग्न करून इथे आली. नवरा अमेरिकेचा नागरिक. मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला म्हणून तो तिला घेऊन गेला आणि आठ दिवसांनी एकटाच परतला. तिचा पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही त्याच्या बॅगेत. परवा त्याचा मेसेज आला: तुझा व्हिसा मी कॅन्सल केलाय, येण्याच्या भानगडीत पडू नकोस.

"अहो, त्याने केलाय म्हणजे झालाच ना?"

नाही झालेला. मी वकील नाही, वकीलबाईंच्या ऑफिसात पॅरालीगल आहे. त्यांनी काल कागद पाहून जे सांगितलं तेच मी काकूंना सांगते. बायकोसाठी नवरा जो आय-१३० अर्ज भरतो, त्याचं काम ती ग्रीन कार्डवर देशात शिरली त्या दिवशी संपतं. मागे घ्यायला त्याच्या हातात काही उरत नाही. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत मिळालेलं कार्ड दोन वर्षांचंच असतं, आणि ते पक्कं करायला दोघांच्या सहीचा आय-७५१ लागतो, हे खरं. पण तो सही करत नसेल तर तिला एकटीला सूट मागता येते. लग्न खोटं नव्हतं, ते मोडलं किंवा त्यात छळ झाला, हे दाखवावं लागतं.

त्याआधी तिला परत यायचंय. पासपोर्टची पोलिसांत तक्रार, नवा पासपोर्ट, मग बोर्डिंग फॉइलसाठी आय-१३१ए हा अर्ज घेऊन मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत. हे सगळं अमेरिका सोडल्यापासून वर्षाच्या आत.

"फॉइल म्हणालात ते काय असतं?"

"पासपोर्टात चिकटवतात. ते दाखवलं की विमानात बसू देतात."

काकू लिहून घेतात, पुन्हा वाचून दाखवतात. वकिलात त्यांनी 'वकालत' लिहिलंय. चालेल.

सकाळी ९.१५

ऑफिस एडिसनला, ओक ट्री रोडच्या गजबजाटापासून थोडं आत. पहिलं काम म्हणजे आज येणाऱ्यांची आणि त्यांच्या जोडीदारांची नावं जुन्या फायलींत शोधणं. याला कॉन्फ्लिक्ट चेक म्हणतात. नवरा-बायकोचा अर्ज सहसा एकच वकील करतो, कारण तेव्हा दोघांना एकच गोष्ट हवी असते. बिनसलं की त्या वकिलाला एकाची बाजू घेऊन दुसऱ्याविरुद्ध उभं राहता येत नाही. नवऱ्यांना हे पटवणं जड जातं. "फी मी भरली होती," असं ते सांगतात, जणू अशील कोण हे पावतीवरून ठरतं.

आज कुणाचंच नाव सापडलं नाही.

सकाळी १०.३०

एच-फोर या डिपेंडंट व्हिसावर असलेली मुलगी कॉस्टकोच्या पार्किंगमधून बोलतेय, घरातून बोलता येत नाही. नवरा म्हणतो, एचआरला एक मेल टाकला की तुझं एच-फोर गेलं.

मेलने काही होत नाही. एच-फोर दोन गोष्टींवर उभं असतं: त्याचं एच-वन आणि कायद्याने टिकलेलं लग्न. वेगळं राहायला लागलं तरी लग्न लग्नच असतं. पण घटस्फोटाचा निकाल लागला की त्याच दिवशी एच-फोर संपतं, सामान आवरायलाही सवलतीचे दिवस मिळत नाहीत. त्यामुळे तिच्या बाबतीत मेलला घाबरण्यापेक्षा कौटुंबिक कोर्टातल्या तारखेवर लक्ष ठेवणं जास्त गरजेचं. तिचा फॅमिली लॉयर आणि आमच्या वकीलबाई एकमेकांशी बोलल्याशिवाय तिने कशावरही सही करू नये.

या मुलींची गोष्ट मला सगळ्यात अवघड वाटते. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर छळ झालेल्या बायकोला १९९४ च्या व्हावा कायद्याखाली स्वतःचा अर्ज स्वतः भरता येतो. नवरा एच-वनवर असेल तर तो दरवाजा बंद. छळ सिद्ध झाला तर आय-७६५व्ही भरून काम करायचा परवाना मिळू शकतो, पण मुक्कामाचा हक्क त्याने वाढत नाही. त्यात भारतीयांची रोजगारावरची रांग इतकी लांब की ग्रीन कार्डाचा अर्ज वर्षानुवर्षं पडून असतो. तो मंजूर व्हायच्या आधी घटस्फोट झाला तर नवऱ्याच्या अर्जाला जोडलेला बायकोचा अर्जही गळून पडतो. दहा वर्षं संसार केलेल्या बाईच्या हातात त्या दिवशी काही नसतं. कायदा करणाऱ्यांनी डिपेंडंट म्हणजे सामानासोबत येणारं माणूस असं धरलेलं दिसतं.

तिला मानवीचा नंबर दिला. १९८५ पासून इथे दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणारी संस्था. तिने नंबर 'मनू ब्युटी पार्लर' या नावाने सेव्ह केला.

सकाळी ११.३०

आज ज्यांच्यासाठी वेळ राखून ठेवला होता त्या बाई. फार्मसिस्ट, इथेच वाढलेल्या, मराठी बोलताना क्रियापदं इंग्रजी, पण अडखळत नाहीत. इथे नागरिक त्या आहेत. नवरा नागपूरचा, शिकायला आला, इथेच ओळख, लग्न. त्याच्यासाठी त्यांनी आय-१३० भरला, सोबत त्याचा ग्रीन कार्डाचा आय-४८५ अर्ज आणि स्वतःचं आय-८६४ म्हणजे आर्थिक हमीपत्र. सहा महिन्यांपूर्वी दुसरी बाई निघाली. नेवार्कच्या ऑफिसात मुलाखत तीन आठवड्यांवर आलीय.

वकीलबाई त्यांना विचारतात तो प्रश्न सगळ्यांनाच विचारतात: फाइल कुठवर आलीय? कोणी काय केलं, हे नंतर.

इथे फाइल अशा जागी आहे की सगळी सूत्रं अजून त्यांच्याच हातात आहेत. आय-४८५ मंजूर व्हायच्या आत आय-१३० लेखी मागे घेता येतो, हमीपत्रही. एका पानाचं पत्र: नाव, पावती क्रमांक, मी हा अर्ज मागे घेत आहे, सही, तारीख. बस. भरलेली फी परत मिळत नाही (आय-१३० कागदावर भरला तर ६७५ डॉलर, आय-४८५ चे १,४४०). आणि एकदा मागे घेतलेला अर्ज पुन्हा जिवंत करता येत नाही. विरघळलं मन तर पुन्हा पहिल्यापासून.

बाईंनी पत्राचा मसुदा घरून आणला होता. दीड पान. तिसऱ्या परिच्छेदात वाक्य होतं: याने फक्त ग्रीन कार्डासाठी माझ्याशी लग्न केलं.

वकीलबाईंनी त्यावर पेन ठेवलं. "हे खरं आहे?"

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "आज वाटतं. लग्नात नव्हतं वाटत."

मग ते वाक्य जायला हवं. कारण लिहायची सक्तीच नाही. सरकारला विचारायचं नसतं तेही रागाच्या भरात सांगणारे लोक मी फार पाहिलेत. लग्न मोडणं एक आणि लग्न बनावट असणं वेगळं. बनावट लग्नाचा शिक्का बसला तर इमिग्रेशन कायद्यातल्या २०४(सी) कलमाने त्या माणसासाठी पुढे कोणीही, कधीही असा अर्ज भरला तरी तो मंजूर होत नाही. शिवाय ज्या अर्जावर बाईंनी लग्न खरं आहे असं शपथेवर लिहिलं, त्याच अर्जावर त्या आता उलट बोलत असतात. फसवणूक झाली असेल तर अर्थात सांगावी, पुराव्यासकट. झाली नसेल तर नवऱ्याच्या बेइमानीची शिक्षा इमिग्रेशनकडून वसूल करायची नसते, असं माझं मत. वकीलबाई असं बोलणार नाहीत, त्या फक्त पेन ठेवतात.

"मी मागे घेतलं तर त्याला हाकलतील का?"

त्याचा अर्ज नाकारला जाईल. वर्क परमिट त्याच अर्जावर होतं, ते जाईल. विद्यार्थी व्हिसाची मुदत संपलीय, दुसरं स्टेटस नाही, आणि २०२५ पासूनच्या धोरणाने अशा माणसाला इमिग्रेशन कोर्टाची नोटीस लवकर निघू शकते. वकीलबाईंनी यातलं काही सौम्य करून सांगितलं नाही.

"आणि मी मुलाखतीला जाऊन त्याला कार्ड मिळू दिलं, मग डिव्होर्स घेतला तर?"

तसंही करता येतं. वेगळं राहतो एवढ्यावरून अर्ज आपोआप बाद होत नाही. मात्र अधिकाऱ्याने विचारलं तर खरं सांगावं लागेल, कुठे राहता हेही. आणि कार्ड मिळालं की हमीपत्र पक्कं. म्हणजे औदार्य आज, त्याचा हप्ता पुढची कित्येक वर्षं.

त्या अवाक होऊन ऐकत होत्या. पत्र घेऊन गेल्या, पाठवायचं की नाही ते ठरवायला.

दुपारी १.१५

भाजी-पोळी टेबलावरच. टपालात दोन पावत्या आणि एक बोटांचे ठसे द्यायची तारीख.

दुपारी २.००

व्हावाची एक जुनी फाइल. नवरा सरकारला पत्रांमागून पत्रं धाडतोय: माझी सही घ्यायला ती आली होती, ती वेडसर आहे, तिला परत पाठवा. त्याला माहीत नाही की १९९६ पासून कायदाच असा आहे की छळ करणाऱ्या जोडीदाराने पुरवलेल्या माहितीवरच विसंबून सरकारला तिच्याविरुद्ध निर्णय घेता येत नाही. तिने अर्ज केलाय की नाही एवढंही त्याला कळवायचं नसतं. तेवढ्यात तिच्या भावाचा पुण्याहून मेसेज आला, इथला घटस्फोट तिकडे चालतो का म्हणून. न्यू जर्सीत 'जमत नाही' एवढं कारण पुरतं, हिंदू विवाह कायद्यात ते कारण नाही, आणि १९९१ च्या नरसिंह राव निकालापासून भारताचं सुप्रीम कोर्ट घटस्फोटाचं कारण बघतं. दोघांची खरीखुरी संमती असेल तर अडत नाही. पुण्यातला वकील गाठा, असं कळवलं.

दुपारी ३.२०

फार्मसिस्ट बाईंचा मेल. मसुदा आता पाच ओळींचा. "अजून सही केलेली नाही."

दुपारी ४.००

शेवटचे गृहस्थ. वयाने पन्नाशीचे, आयटीतले, बोलणं अदबीचं. घटस्फोट होऊन वर्ष झालं. बायकोकडे दहा वर्षांचं कार्ड आहे, नोकरी नाही, आणि आता तिच्या वकिलाने हमीपत्रावर बोट ठेवून खर्च मागितलाय. यांना स्पॉन्सरशिप मागे घ्यायची आहे.

घेता येत नाही. फार्मसिस्ट बाईंच्या हातात आहे ते यांच्या हातून निसटून गेलंय. आय-८६४ घटस्फोटाने संपत नाही. ती नागरिक झाली, किंवा तिच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाही जमल्या (साधारण दहा वर्षं, त्यात नवऱ्याच्या धरतात त्या लग्न टिकून असेल तरच), किंवा कार्ड सोडून कायमची परत गेली, किंवा दोघांपैकी कोणी वारलं, तर संपतं. तोवर तिचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापट व्हायला जेवढं कमी पडेल तेवढं यांनी भरायचं. २०२५ च्या आकड्यांनी एकट्या माणसासाठी ते वर्षाला साधारण १९,५६० डॉलर होतं.

"पण आमचा लग्नाआधीचा करार आहे. एकमेकांकडे काही मागायचं नाही, असा."

अशा करारानेही हे बंधन जात नाही, असं नवव्या सर्किट कोर्टाने २०१६ मध्ये अर्लर खटल्यात म्हटलंय. "आणि तिने नोकरी शोधायला नको?" २०१२ मध्ये सातव्या सर्किटने, लिऊ विरुद्ध मंड या खटल्यात, तशी सक्ती नाही असं ठरवलं. दोन्ही कोर्टं आपल्या भागातली नाहीत, इथल्या न्यायाधीशावर ती बंधनकारक नाहीत, पण समोरचा वकील ती पुढे ठेवणारच. यांची खरी लढाई आकड्याची आहे: तिला मिळणारी पोटगी, व्याज, भावाकडे फुकट राहणं, यातलं काय काय तिचं उत्पन्न म्हणून धरायचं.

"सही करताना हे कोणी सांगितलं नाही."

फॉर्मवर छापलेलं असतं. मी ते बोलले नाही, फॉर्मची प्रत आहे का एवढंच विचारलं. नव्हती. ज्यांनी अर्ज भरला ते वकील केव्हाच निवृत्त झालेत. मग माहिती अधिकाराखाली सरकारकडूनच मागवायची. सरकारी साइटवर त्यांचं जुनं खातं होतं, पासवर्ड आठवेना, सुरक्षाप्रश्नाला ते तीनदा चुकले. पहिल्या शाळेचं नाव विचारलं होतं, आणि उत्तर त्या वेळी बायकोने भरलं होतं. शेवटी नवा ईमेल काढून नवं खातं उघडलं आणि मागणी टाकली.