पॅरामेडिकल डिप्लोमा: घातलेले पैसे कधी वसूल होतात?

बारावीचा निकाल लागला की पुण्यात भिंतींवर, रिक्षांच्या मागे एक जाहिरात हमखास दिसते. 'डीएमएलटी, एक्स-रे, ओटी टेक्निशियन. प्रवेश सुरू. नोकरीची हमी.' पालक आत जातात आणि पहिला प्रश्न विचारतात, फी किती? आज आपण हा हिशेब पूर्ण मांडून बघू. यातले रुपयांचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुमचे आकडे तुम्ही घाला, रीत तीच राहील.

समजा, जुन्नरकडची एक मुलगी आहे. बारावी सायन्स झाली. पुण्यात दोन वर्षांचा लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करायचा आहे. फी वर्षाला ६० हजार, म्हणजे १ लाख २० हजार. कॉट बेसिसवर राहणं आणि मेस महिना ८ हजार, चोवीस महिन्यांचे १ लाख ९२ हजार. परीक्षा फी, अ‍ॅप्रन, पुस्तकं, बसपास मिळून ३० हजार. खिशातून गेले ३ लाख ४२ हजार. बहुतेक घरांत हिशेब इथे थांबतो.

पण एक रक्कम राहिली. हीच मुलगी बारावीनंतर गावाजवळ १२ हजारांच्या कामाला लागली असती, तर दोन वर्षांत २ लाख ८८ हजार घरी आले असते. ही बुडालेली कमाई. पावती फाडली जात नाही म्हणून ती दिसत नाही, एवढंच. एकूण झाले ६ लाख ३० हजार. कर्ज काढलं असेल तर व्याज वेगळं.

आता दुसरी बाजू. डिप्लोमानंतर पहिला पगार १८ हजार धरा. डिप्लोमा न करता दोन वर्षांनी तिला १४ हजार मिळाले असते. मग शिक्षणाने दिलं किती? अठरा नव्हे, चार हजार. ६ लाख ३० हजारांना चार हजारांनी भागा. साधारण १५७ महिने, म्हणजे तेरा वर्षं! पहिला पगार २५ हजार मिळाला, तर फरक अकरा हजारांचा. मग ५७ महिने, पाच वर्षांच्याही आत.

आता गंमत बघा. १८ हजारांच्या पगारात फी निम्मी केली तरी वसुली फक्त पंधरा महिन्यांनी लवकर होते. पगार सात हजारांनी वाढला तर शंभर महिने वाचतात. म्हणजे स्वस्त कॉलेज शोधण्यापेक्षा, तिथून बाहेर पडलेल्यांना काय मिळतं हे शोधणं जास्त मोलाचं. आणि मुलगी हडपसरची असेल, घरूनच जाणार असेल, तर राहण्याचा खर्च गळतो. तेरा वर्षांची नऊ होतात.

पगार कशाने वाढतो? कागद कायद्याला मान्य आहे का, इथून सुरुवात होते. २०२१ साली संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यातल्या व्याख्येत सहयोगी आरोग्य व्यावसायिकाचं शिक्षण किमान २,००० तासांचं आणि दोन ते चार वर्षांचं हवं. मग सहा महिन्यांच्या 'कोर्स'ची किंमत काय, ते तुम्हीच ठरवा. आपल्याकडे महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषद आहे. या अभ्यासक्रमावर तिथे नोंदणी होते का, हे फी भरण्यापूर्वी विचारायचं.

दुसरी गोष्ट, 'पुढे स्वतःची लॅब टाकू' हे स्वप्न. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. टेक्निशियन तपासणी करतो, रिपोर्टवर सही करू शकत नाही. म्हणून लॅबच्या हिशेबात त्या डॉक्टरचं मानधन आधी लिहा.

तिसरी, सरकारी नोकरी. २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत प्रयोगशाळा तंत्रज्ञाचं मूळ वेतन ३५,४०० पासून होतं, पण पात्रता विज्ञान शाखेच्या पदवीची मागितली होती. नुसत्या डिप्लोमावर ते दार उघडत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम आहे. तीन वर्षं आणि वर अंतर्वासिता. वेळ जास्त जातो, पण डिप्लोमाशी त्याची तुलना केल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

खर्च कमी करायच्याही वाटा आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार मिळतात. आपल्या उदाहरणात राहण्या-जेवणाचा निम्म्याहून जास्त खर्च त्यातून निघतो. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क माफ आहे. आपला अभ्यासक्रम आणि आपली जागा त्यात बसते का, हे लेखी विचारून घ्या.

(श्रोत्यांमधून प्रश्न: सर, मुलीचं अ‍ॅडमिशन उद्या आहे. घेऊ की नको?)

ताई, उद्याचा एक दिवस पुढे ढकलता आला तर बघा. त्या कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या तिघांना फोन लावा. कॉलेजने दिलेले नंबर नकोत, तुम्ही शोधलेले हवेत. तीनच प्रश्न विचारा. पीएफ कापून हातात किती येतात? पगार हॉस्पिटल देतं की ठेकेदार? आणि शिकताना रक्त खरंच काढायला मिळालं की नुसतं बघायला? तिघांची उत्तरं समाधानाची असली तर जरूर घ्या. काम चांगलं आहे, गरजेचं आहे. पण तिघांतला एकही सापडला नाही, तर फी भरू नका. उत्तर मिळालंच म्हणून समजा.