मोबाईलला कुलूप कुठे लावायचं?

डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं, सकाळी पोरगं उठत नाही, अशा तक्रारी वस्त्यांमधल्या आया हल्ली फार सांगतात. मुलगा रात्री किती वाजेपर्यंत मोबाईल बघतो असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "बारा तरी वाजतात." चष्मा आणि औषधं नंतर बघू, आधी ही वेळ आवरली पाहिजे. दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात एका तासापेक्षा जास्त पडदा बघू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलं आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला तर तो अजिबात नको.

आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव करून अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी केली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने त्याच वर्षी वेगळी वाट धरली. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही-मोबाईल बंद राहतात, मोठ्यांचेसुद्धा. मला वडगावची रीत जास्त पटते. शिष्यवृत्तीचा अर्ज, शाळेचा ग्रुप, सगळं मोबाईलवर असताना पूर्ण बंदी टिकणार कशी?

घरातली कुलपं मात्र एकाच जागी लावून भागत नाही. वायफाय असेल तर त्या डब्याच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि दुसऱ्या रकान्यात १.०.०.३ हे आकडे इंग्रजीत टाकायचे. केबलवाल्या पोराला सांगितलं तर तो करून देतो. त्या वायफायवरच्या टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाईल सगळ्यांवर बहुतेक अश्लील साइट बंद होतात. पण मुलाने मोबाईलचा स्वतःचा डेटा चालू केला की हे कुलूप निकामी. यूट्यूब, इन्स्टाग्रामवर काय दिसतं तेही ते थांबवत नाही.

म्हणून मोबाईलवर वेगळी सोय हवी. मुलाकडे स्वतःचा मोबाईल असेल तर गुगलचं फॅमिली लिंक हे फुकट अ‍ॅप घ्या. आईच्या मोबाईलवरून रोजचे तास आणि झोपेची वेळ ठरवता येते. आपल्याकडे बहुतेक घरांत एकच मोबाईल, तो सगळ्यांचा. तिथे प्ले स्टोअरच्या सेटिंगमधलं पॅरेंटल कंट्रोल चालू करून वयानुसार पिन लावा. आधीच टाकलेली अ‍ॅप त्याने निघत नाहीत, ती हातानेच काढावी लागतात. यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड प्रत्येक मोबाईलवर आणि टीव्हीवर वेगवेगळा चालू करावा लागतो. आणि यूपीआयचा पिन मुलांना कळू देऊ नका. गेममध्ये पैसे जायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट मला सतत खटकते. मोबाईल हिसकावला जातो तो आधी मुलीचा. मुलगा रात्रभर बघत बसला तरी चालतं. मग कुणी घाण फोटो पाठवला, धमकी दिली, तर ती मुलगी घरी बोलत नाही. बोललं की मोबाईल जाणार आणि त्यामागे शिक्षणही, हे तिला माहीत असतं. नियम दोघांना एकच ठेवा आणि "तू सांगितलंस म्हणून मोबाईल काढून घेणार नाही" हे तिला आजच सांगा. असं काही घडलंच तर मेसेज पुसू नका, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हे नंबर आहेत. दोन्ही घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.