पोच मिळाली का?

पगाराचा तक्ता हाती आला म्हणजे आपली नजर आधी वजाबाकीच्या बाजूला जाते. फंड, विमा, आयकर यांच्या रांगेत 'व्यवसाय कर' म्हणून 200 रुपये मुकाट्याने उभे असतात. ते कोठे जातात, हे गृहिणीने विचारले तर किती यजमानांना सांगता येईल?

महाराष्ट्राने 1975 साली हा कर बसविला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेकाराच्या मजुरीला हातभार लावावा आणि तेवढीच भर सरकारने घालावी, असा तो बेत. मूळ कल्पना वि. स. पागे यांची. विधान परिषदेच्या या सभापतींनी 1965 साली तासगाव तालुक्यातील विसापूरच्या परिसरात तिचा प्रयोग केला. पुढे 1972 चा दुष्काळ आला. 1973 च्या मे महिन्यात सुमारे 50 लक्ष माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती, माती वाहत होती. मिलो आणि सुकडी हे शब्द मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना अजून आठवतात.

1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. त्यातली खरी मौज एका कलमात होती. काम मागणाऱ्यास 15 दिवसांत काम द्यावयाचे; न दिल्यास भत्ता. भत्ता किती, तर निदान रोज 1 रुपया! रक्कम हसण्याजोगी खरी, पण त्या रुपयाने मजूर याचक न राहता सरकारचा धनको झाला. केंद्राने 2005 च्या कायद्यात कुटुंबाला वर्षाकाठी 100 दिवसांची हमी दिली, तेव्हा हेच कलम उचलले. 2025 च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी 125 दिवसांचा कायदा संमत केला.

दिवस वाढले, पण 15 दिवस मोजावयाचे कोठून? अर्जाच्या तारखेपासून. तारखेची पोचच दिली नाही, तर मोजणी सुरू होत नाही आणि भत्ताही लागत नाही. 2005 च्या कायद्यात हा भत्ता राज्याच्या तिजोरीतून जावयाचा होता. मग पोच देण्याची हौस कोणाला असणार?

वेरूळच्या वाटेवरचे आमचे पडेगाव आता महापालिकेच्या हद्दीत आहे. हमी ग्रामीण भागाची, म्हणून येथे ती नाही. इमारतीच्या कामावर विटा वाहणाऱ्या एका बाईंना मी विचारले, "गावी काम मागितले नाही का?"

"मागितलं ना सर. भाऊसाहेब म्हणले, काम निघालं की सांगतो. दोन पावसाळे झाले."

"लेखी मागितले होते?"

"लेखी कशाला? ते वळखतात मला."

बाईंना मी दोन प्रतींत अर्ज लिहून दिला आहे. एक प्रत द्यावयाची, दुसरीवर तारीख, सही नि शिक्का घ्यावयाचा. दिवाळीला त्या गावी जाणार आहेत.